गळ्यातली सवत

लग्न झाल्या दिवसापासून जयवंताच्या गळ्यात दोघं होती. एक रणजितच्या नावाचं मंगळसूत्र, आणि त्याच्या खाली, काळ्या दोऱ्यात, रणजितची मेलेली बायको.

ही चाल ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगायलाच हवं. बिजवराला पोरगी दिली की तिच्या गळ्यात पहिलीचा टाक घालतात. टाक म्हणजे चांदीचा नखाएवढा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली एक बाई. नवी साडी आली की आधी त्या टाकावर धरायची, "आधी तुला, मग मला" म्हणायचं आणि मगच नेसायची. जेवताना पहिला घास तिला दाखवायचा. हे चुकलं तर सवत रुसते. आणि रुसलेली सवत काय करते ते बाया एकमेकींच्या कानात सांगतात.

जयवंता यातलं काही चुकवत नव्हती. चुकवायची छाती कुणाची? सांगवीच्या त्या घरात पाऊल टाकलं तेव्हा समोरच्या भिंतीवर पहिलीचा, पद्माचा फोटो होता. तो तिनंच काढायला लावला. त्या डोळ्यांसमोर झोपायचं कसं? रणजितनं काही न बोलता तो ट्रंकेत घातला. पद्मा काविळीनं गेली तेव्हा तिची लेक दिशा रांगत होती, तिला आईचा चेहरा आठवण्याचा प्रश्नच नव्हता. त्यानंतर रणजितनं बायकोचं नाव तोंडातून काढलं नाही. पिकअपमध्ये भाजी भरायची, बारामतीच्या मार्केट यार्डात टाकायची, घरी येऊन गुमान जेवायचं. नाव घ्यायची ती सासू, ताईबाई, आणि तेही शिवी हासडल्यासारखं.

कारण जयवंताची दोन बाळं पोटातच गेली होती. पहिलं गेलं तेव्हा ताईबाई म्हणाली, "दिवाळीची साडी दाखवायची ऱ्हायली असंल." दुसरं गेल्यावर तिला शंकाच उरली नाही. ओसरीवर बसून आल्यागेल्या बाईला ती सांगायची, "पद्मीनं दोन खाल्ली माज्या लेकाची." तिथंच पलीकडं खालमानेनं दिशा गृहपाठ करत असायची. पोरांना काय कळतंय, असं मोठ्या माणसांना वाटतं. मोठ्या माणसांना काय, काहीही वाटतं.

दुसऱ्या बाळाच्या वेळी दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या बाईसाठी प्रार्थना करायला पास्टर आनंद आले होते. ते मूळचे बावड्याचे, जयवंताचं माहेरही बावड्याचंच. माहेरच्या बोलीत कुणीतरी "रडू नगंस ताई" म्हटलं आणि जयवंता जी रडली ती थांबेचना. पुढं ती दर रविवारी बारामतीला जायला लागली. टायरच्या दुकानावर एक हॉल होता, तिथं गाणी व्हायची, प्रार्थना व्हायची. तिथं गेलं की छातीवरचा दगड उतरायचा. आणि तिसऱ्यांदा दिवस राहिले ते टिकले. सातवा लागला, बाळ पोटात ढुश्या द्यायला लागलं, तेव्हा जयवंता पास्टरांना म्हणाली, "मला बाप्तिस्मा घ्यायचाय."

पास्टरांनी तिच्या गळ्याकडं पाहिलं.

"सासूबाईंच्या देव्हाऱ्याला हात लावू नगंस," ते म्हणाले. "ते त्यांचं हाय. पर तुजं जे हाय ते तुला सोडावं लागंल. परमेश्वराला वाटणी चालत न्हाय, ताई. नवऱ्याला बायकोची वाटणी चालंल का? तसंच हाय ते."

जयवंताला हसू यायचंच बाकी होतं. नवऱ्याची वाटणी तर तिच्या गळ्यातच लटकत होती. पण हसू आलं नाही, कारण त्याच क्षणी तिला नीट कळलं की आपण कुठं सापडलोय. वरचा देव वाटणी खपवून घेत नाही आणि खालची सवतही नाही. दोघांचा राग पडायला जागा एकच, तिचं पोट.

मग भित्रं माणूस जे करतं ते तिनं केलं. दोरा गळ्यातून काढला, पास्टरांना सांगितलं, "टाकला नदीत," आणि टाक ज्वारीच्या कोठीत तळाशी दडवला. बाळ हातात येऊ दे, मग टाकू. तोवर दोघंही गप बसतील. असं दोन डगरींवर पाय ठेवून कुणी तरलंय का? पण पोटात जीव वाढवणाऱ्या बाईला शहाणपण शिकवायला आपण कोण!

ताईबाईला तिचा मोकळा गळा दिसला आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला. "पोट घिऊन बसलीयस आन् तिला हाकललीस? आता ती गळ्यात न्हाय, घरात फिरंल!"

आणि खरंच काहीतरी फिरायला लागलं. गोठ्याच्या खिडकीत गुळाचे खडे दिसायला लागले. कुणी ठेवले? ठाऊक नाही. एकदा देव्हाऱ्यापासून लांब, मागच्या दाराशी कापराचा वास आला. एकदा कोठीच्या झाकणावर कुंकवाचं बोट उमटलेलं होतं. जयवंतानं ते पदरानं पुसलं आणि कुणाला बोलली नाही. बोलणार काय? ताईबाई गुडघेदुखीनं ओसरी सोडत नव्हती, रणजित दिवसभर बाहेर. घरात उरलं कोण?

त्या रविवारी पास्टरांनी आखानाची गोष्ट सांगितली. देवानं लोकांना बजावलं होतं की लढाईत पडलेल्या गावातलं काही घरात आणू नका. आखान नावाच्या एकानं गुपचूप आणलं आणि आपल्याच तंबूत जमिनीखाली पुरलं. कुणाच्या बापाला कळलं नाही. पण पुढच्या लढाईत लोक मरायला लागले, ज्यांचा काही दोष नव्हता ते मरायला लागले. शेवटी ते पुरलेलं खणून काढलं, आणि आखान एकटा गेला नाही, त्याच्याबरोबर त्याची लेकरंबाळंही गेली.

लेकरंबाळं म्हटल्यावर जयवंताची पाचावर धारण बसली. त्यानं जमिनीत पुरलं, आपण ज्वारीत. फरक तो काय? उद्या सकाळी उठून पहिलं काम हे, ती मनाशी म्हणाली. टाक काढायचा आणि सरळ नीरा नदीत टाकायचा.

सोमवारी ती उठली ती पोटावर हात ठेवूनच. बाळ हललं नाही. झोपलं असंल म्हणून तिनं पाणी भरलं, दिशाची वेणी घातली. हललं नाही. भाकरी थापताना तिनं कुशीला हळूच दाबून पाहिलं. काही नाही. पोटात नुसतं ओझं होतं. तवा चुलीवर तसाच टाकून ती कोठीकडं धावली, कोपरापर्यंत हात ज्वारीत घातला, मग खांद्यापर्यंत. सगळी ज्वारी चादरीवर उपसली.

टाक नव्हता.

"आत्याबाई," ती ओसरीवर येऊन म्हणाली. "तुमी कोठीतनं काय काढलं का?"

मग सगळंच सांगावं लागलं. ताईबाईनं कुलदैवताची आण घेतली की मी कोठीला शिवले नाही. 

"मग कुनी काढला?"

ताईबाईनं दारातून आतल्या रिकाम्या कोठीकडं पाहिलं. "काढायला कशाला कोन पायजे? तिला पाय हायत."

पोट घट्ट धरून जयवंता ओरडली, "दिशा, पप्पांना फोन लाव!"

रणजित यार्डातून निम्मा माल तसाच टाकून आला. दिशा शाळेला निघाली होती, ती दप्तरासकट पिकअपमध्ये चढली आणि काही केल्या उतरेना. बारामतीपर्यंत जयवंता प्रार्थना करत होती, पण कसली प्रार्थना ती! "प्रभू, चुकले," म्हणायची आणि लगेच, "पद्माताई, चुकले." त्याला म्हणाली, सापडला की आजच टाकते. हिला म्हणाली, सापडला की आजच गळ्यात घालते. रस्त्यात खड्डा आला की ती पोटाशी वाकून ऐकायची. आतून उत्तर नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी पोटावर पट्टा बांधला. आधी नुसती खरखर. जयवंतानं डोळे गच्च मिटले. मग एकदम घोडं दौडत सुटावं तसा टपटप टपटप आवाज आला, आणि रणजितनं भिंतीला टेकून तोंड रुमालात लपवलं.

डॉक्टरबाईंनी बराच वेळ तो आवाज तपासला. "ठोके चांगले आहेत. सकाळपासून काय खाल्लंय?"

"काय न्हाय."

"आणि काल?"

कालही आखानाच्या धास्तीनं घास उतरला नव्हता. "आधी खा, आणि डाव्या कुशीवर पडून राहा," बाई म्हणाल्या. "पण आलात ते बरं केलंत. पुन्हा असं वाटलं तर घरात विचार करत बसायचं नाही, लगेच यायचं."

रणजितनं बिस्किटं आणली, दूध आणलं. जयवंता खायला लागली आणि थोड्या वेळानं आतून एक बारीकशी ढुशी बसली. ती हसली, रडली, बाकावरून दिशाकडं वळली.

दिशा भिंतीला पाठ लावून उभी होती. तिच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

"बाळ जित्तं हाय?" तिनं विचारलं.

"व्हय गं बाय माजी. हललं बघ आत्ता."

"मग आईनं ऐकलं," दिशा म्हणाली. मग तिनं विचारलं, "मम्मी, आता आई मला कधी न्हेनार? शाळेतनं न्हेनार का घरनं?"

जयवंताच्या हातातला कप तसाच राहिला. दिशानं दप्तरातून कंपासपेटी काढली. तिच्यात पेन्सिलीच्या तुकड्यांजवळ कुंकवानं माखलेला टाक होता.

पोरीनं मग सगळं सांगितलं, शाळेतला धडा सांगावा तसं. मम्मीनं टाक कोठीत ठेवताना तिनं बघितलं होतं. आई बाळं खाते हे आज्जी सगळ्यांना सांगते, म्हणून तिनं आईला गूळ दिला. कापूर लावला. रोज कोठीवर हात ठेवून सांगितलं, हे बाळ नको खाऊस. तरी आज्जी म्हणतच राहिली की पद्मी तिसऱ्यावर बसलीया. मग रविवारी, मम्मी बारामतीला गेली असताना, तिनं टाक बाहेर काढला आणि नवस केला.

"मी म्हनलं, बाळ नगं, मला ने. मी तुजीच हाय की. तुला मी पायजेच आसनार."

काळजाचं पाणी होणं म्हणतात ते जयवंताला त्या व्हरांड्यात कळलं. "येडी का काय, असं काय नसतंय," असं तिच्या ओठांवर आलं होतं, पण जीभ उचलेना. या पोरीनं तिला बघितलं होतं! साड्या दाखवताना, पहिला घास दाखवताना, कुंकवाचं बोट पदरानं पुसताना. इतकी वर्षं जिनं त्या पत्र्यापुढं मान वाकवली, तिनं आता 'असं काही नसतं' म्हणायचं कुठल्या तोंडानं? बाळ वाचलं म्हणून नवस फळला, असं पोरगी धरून बसली होती. आता ती रोज दाराकडं बघत बसणार, कुणीतरी न्यायला येईल म्हणून. आणि खरं सांगायचं तर जयवंतालाही आतून भीती वाटत होती की कुणी आलंच तर?

तिनं पास्टरांना फोन लावला. आधी आपलं खोटं कबूल केलं. नदीत टाकला नव्हता, ज्वारीत दडवला होता, मीच आखान. मग पोरीचं सांगितलं. आता शिव्या बसणार, तिनं मान खाली घातली.

"तुजं मागनं बघू," पास्टर म्हणाले. "आधी लेकराचं. तिचा बाप हाय का तितं?"

"हायत."

"मग ऐक. शास्त्रात एक सोय ठेवलीया. बापाच्या घरात ऱ्हानाऱ्या लेकीनं नवस केला आन् बापानं ऐकल्या दिवशी 'न्हाय' म्हनलं, तर त्यो नवस मोडला. लेकीवर त्याचा बोल न्हाय. देवच तिला मोकळी करतो."

"आईला चालत न्हाय का?"

"लिवलंय ते बापाचं लिवलंय. पर आई शेजारी उभी ऱ्हायली तर देव काय हाकलतोय व्हय? आजच्या आज करा मात्र."

रणजित कधी त्या हॉलची पायरी चढला नव्हता. त्यानं सगळं ऐकलं, दिशाकडं पाहिलं आणि म्हणाला, "चला."

गाडी घराशी थांबली नाही. सांगवी ओलांडून ती नीरेच्या पुलावर थांबली. ऊन कलतं झालं होतं, खाली पाणी संथ होतं. इथंच पुढच्या महिन्यात जयवंताचा बाप्तिस्मा व्हायचा होता. रणजितनं दिशाचा हात धरला. दोनदा खाकरला.

"पद्मे," तो म्हणाला.

जयवंतानं चमकून पाहिलं. त्याच्या तोंडून हे नाव तिनं कधीच ऐकलं नव्हतं.

"पद्मे, तू काय हिला न्हेनार न्हायीस, मला ठावं हाय. तापानं फनफनली हुतीस, तवाबी आधी पोरीला पाजा म्हनायचीस. तू कुनाचं लेकरू खानार?" त्यानं बाहीनं नाक पुसलं. "पर हिनं शब्द दिलाय. तर मी हिचा बाप सांगतोय, त्यो शब्द मोडला. वरती जो कोन देव आसंल त्यानंबी ऐकावं. पोरगी कुठं जानार न्हाय."

आता टाक जयवंताच्या मुठीत होता. कठड्यावरून हात बाहेर काढला खरा, पण मूठ उघडेना. भित्यापाठी ब्रह्मराक्षस! आत्ता कुठं बाळ हललंय, आणि आत्ताच हिला पाण्यात लोटायचं?

"मम्मी, तुला भ्या वाटतंय?" दिशानं विचारलं.

खोटं बोलून झालं होतं तेवढं पुरे होतं. "लई वाटतंय."

"बाळाला काय झालं तर?"

जयवंतानं तिच्याकडं पाहिलं. पोरीचा एक दात दुसऱ्यावर चढलेला, वेणीची रिबिन सुटलेली, आणि डोळे मोठ्या बाईसारखे थकलेले. ते बाळ अजून यायचं होतं. ही आलेली होती, आणि जायला निघाली होती.

"प्रभू, आता तू बघ," ती मोठ्यानं म्हणाली आणि मूठ उघडली. एवढासा पत्रा. पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

दिशा पाण्याकडं बघत राहिली, आणि मग सकाळपासून न रडलेली ती पोरगी हमसून हमसून रडायला लागली. "आता माजी आई कुठं ऱ्हानार?"

हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. पास्टरांच्याही नाही. सगळ्यांनी त्या पत्र्यात सवत बघितली, मूर्ती बघितली, भूत बघितलं. पोरीची तेवढीच आई होती. आणि दुसरी जी होती ती भिंतीवरून कुणी उतरवली, हे जयवंताला कुणी सांगायची गरज नव्हती.

घरी आल्या आल्या ताईबाईनं ओसरीवरूनच विचारलं, "सापडला का?" जयवंता सरळ आत गेली. रणजितला तिनं माळ्यावरची ट्रंक काढायला लावली. गोधड्यांच्या खाली, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली चौकट होती. तिनं त्या फोटोकडं न बघताच तो दिशाच्या मांडीवर ठेवला.

जत्रेतल्या स्टुडिओत काढलेला फोटो होता. पद्माला फोटोवाल्यानं गंभीर बस म्हणून सांगितलं असणार, आणि तिला हसू आवरलं नसणार. तोंड उघडं, डोळे बारीक झालेले, आणि एक दात दुसऱ्यावर चढलेला.

दिशानं आपल्या दाताला बोट लावलं. मग फोटोतल्या दाताला.

"ही तर हसतीया," ती म्हणाली.

ताईबाई दाराला धरून उभी होती. "लई हसायची," ती पुटपुटली. "एकदा सुरू झाली की थांबायची न्हाय भवानी." आणि तिनं तोंडाला पदर लावला.

जयवंतानं रणजितकडून खिळा आणि हातोडी मागून घेतली. जुनं भोक अजून भिंतीत होतं. ताईबाईनं विचारलं, हार घालायचा का? जयवंता नको म्हणाली. हार नको, कुंकू नको, घासही नको. नुसता फोटो. त्या डोळ्यांसमोर आजपासून झोपायचं होतं, आणि भीती काही पळून गेली नव्हती. डाव्या कुशीवर पडलं की ती पोटावर हात ठेवूनच पडणार होती.

फोटो लागला. दिशा खाली उभी राहून मान वर करून बघत होती. मग ती आजीकडं वळली.

"आज्जी, आता तसं कुनाला सांगायचं न्हाय. माज्या आईनं न्हाय खाल्ली बाळं."